सुपारीएवढं हाड

धम्मशीलाच्या मनात सकाळपासून पाल चुकचुकत होती, आणि कारण तिला चांगलं ठाऊक होतं. तिचीच सही.

केंब्रिजच्या एका लॅबमध्ये ती जुनी हाडं तपासायची. सध्या तिच्याकडे कॅरिबियनमधल्या एका चिमुकल्या बेटावरचं हाड होतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं, कानामागचं, सुपारीएवढं. बाकीच्या कवटीचा कधीच भुगा झालेला. बेटावरचे लोक म्हणत होते, ही आमची आजी, परत द्या. लॅबला ते हाड दळून त्यातून डीएनए काढायचा होता. वारस असतील तर दळायचं नाही, असा नियम. मग वारस आहेत की नाहीत, हे ठरवायचं कोणी? तर आमच्या धम्मशीलाबाईंनी!

तिने तिथली खापरं पाहिली. खालच्या थरात, जिथे हे हाड सापडलं, लाल-पांढऱ्या नक्षीची भांडी आणि मातीचे देव. वरच्या थरात साधी भांडी, देव एकही नाही. म्हणजे नक्षीवाले संपले, होड्यांतून दुसरेच लोक आले, आणि आजची माणसं त्या दुसऱ्यांची. 'वारस नाहीत' या चौकटीत खूण करून ती मोकळी झाली. दळण उद्या होतं. आणि आज अकराला बेटावरची एक म्हातारी विनवणी करायला स्वतः येणार होती.

नागपूरहून आलेली तिची आई, गयाबाई, नाश्ता करता करता खापरांचे फोटो बघत होती. वरच्या थरात देव काहून नाहीत, असं तिने विचारलं. ती माणसंच संपली, धम्मशीलाने सांगितलं.

गयाबाईने कप खाली ठेवला. "छप्पन साली मी सहा वर्षांची होते. दीक्षा घेऊन आलो अन् तुझ्या आजीनं देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडले. उद्या कोणी आपलं घर खोदलं तर म्हणेल, खाली देववाले होते, ते मेले. आपण मेलो होतो का, माय?"

धम्मशीलाने खापरांचे फोटो स्वतःकडे ओढून पुन्हा पाहिले. अगं, ज्या घरात हे घडलं त्याच घरची लेक तू! दर चौदा एप्रिलला लंडनच्या हॉलमध्ये हीच गोष्ट माईकवर सांगतेस, आणि सही करताना नेमकी विसरलीस? दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

उद्यापर्यंत वेळ होता. तरी जॅकेटची चेनही न लावता ती सायकलवर बसली. आभाळ अगदी खाली आलं होतं आणि नदीकाठी चिटपाखरू नव्हतं. तिला कधी नव्हे ती भीती वाटली.

म्हातारी रिसेप्शनला आधीच येऊन बसली होती. मांडीवर वेताची नवी टोपली. आजीचं हाड टोपलीत ठेवून घरात जपायची आमची जुनी रीत, ती सांगू लागली. आता कोणाला विणता येत नाही, मी पुस्तकात बघून शिकले.

"पाच मिनिटं बसा," धम्मशीला म्हणाली. "तो कागद मी मागे घेते. आजी तुम्हाला मिळेल."

आत तिचा सहकारी इंद्रजित हातमोजे काढत होता. मशीन आज रिकामं मिळालं, म्हणून तिचं काम त्याने सकाळीच उरकून टाकलं होतं. उपकारच केले मेल्याने! टेबलावर बोटाएवढी नळी होती आणि तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड.

"ती बाई आलीय ना?" तो म्हणाला. "तिला सांग, तीन आठवडे थांबा. नातं असेल तर यातून कळेलच."

धम्मशीलाने नळी मुठीत धरली आणि ती दारापर्यंत आली. काचेपलीकडे म्हातारीने टोपलीचं झाकण काढलं होतं आणि ती आत कापूस पसरत होती.