बिस्कुटाचं पथ्य

"माणसांना रांगेत उभं राहूनसुद्धा पीठ पुरत नाही, आणि इथे कुत्र्याला म्हणे पीठ सोसत नाही! उद्या त्याला गादीवर निजवा. पंख्यानं वारा घाला."

एम्बारका हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हती. ती स्वयंपाकखोलीच्या भिंतीला बाहेरून पाठ टेकून मसूर निवडत होती आणि मसुराशीच बोलत होती. पण मातीच्या विटांची भिंत ती केवढी, वीतभर जाड. पलीकडचा उसासाही अलीकडे ऐकू येतो. आत चुलीपाशी बसलेल्या तिच्या लेकीला, सल्काला, शब्दन् शब्द ऐकू आला.

"आणि शिजवतेय कशात, तर..." एम्बारका म्हणाली. ताटातला मसूर बराच वेळ नुसता इकडून तिकडे सरकत राहिला.

सल्कानं समोरच्या पातेल्याकडे पाहिलं. छोटंसं अॅल्युमिनियमचं पातेलं, कानाला लाल चिंधी बांधलेली. पिठाचा हात कुणी चुकून लावू नये म्हणून चार वर्षांपूर्वी तिनेच ती बांधली होती. पातेलं वेगळं, चाळणी वेगळी, कालथा वेगळा. सल्काच्या लेकीला, दहबाला, गहू चालत नसे. जव चालत नसे. निर्वासितांच्या छावणीत अशी पोरं घरोघर होती, त्यात नवल नव्हतं. तिच्यासाठी दवाखान्यातून पांढऱ्या पुड्यातलं वेगळं पीठ यायचं, त्याची भाकर तव्यावरून उतरताच तडकायची. "आई, ही खडूची भाकर आहे," दहबा म्हणायची, आणि खरंच तिनं एकदा त्या भाकरीच्या तुकड्यानं भिंतीवर लिहायचा प्रयत्न केला होता.

दहबाला जाऊन बहात्तर दिवस झाले होते. सात वर्षांची होती.

आता त्या पातेल्यात उंटाचा फोफसा, म्हणजे फुफ्फुस, शिजत होता, बिस्कुटासाठी.

बिस्कुट म्हणजे पिवळट रंगाचं, एक कान उभा नि एक पडलेला असं सहा महिन्यांचं पिल्लू. उन्हाळा सुरू होताना एम्बारकाचा भाचा जीप घेऊन पलीकडून, आपल्या मूळ मुलखाच्या बाजूनं आला होता. त्यानं दोन गोष्टी आणल्या. शेळ्या राखायला खोक्यातून हे पिल्लू, आणि पिशवीतून जव. पिल्लू दहबानं घेतलं. "याचं नाव बिस्कुट," तिनं लगेच जाहीर केलं. "मला खायला नाही ना देत, मग हाक मारायला तरी द्या." त्यावर घरात सगळे हसले होते. तिचा बाप लहबीब तर तोंडावरचं फडकं सुटेपर्यंत हसला होता.

दहबा होती तोवर पिल्लू तिच्या ताटातलं उरलंसुरलं, म्हणजे भात नि मसूर, खाऊन वाढलं. ती गेल्यावर ते घरच्या उष्ट्यावर आलं. पिठाची पेज, भाकरीचे तुकडे. कुणाचं लक्षही नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी सल्का शेळ्यांकडे गेली तेव्हा ते कुंपणाच्या पत्र्याला टेकून बसलं होतं. पाय काडीसारखे, पोट नगाऱ्यासारखं, आणि मागे सगळी वाळू खराब. ते पोट पाहून सल्काच्या हातातली बादली खाली पडली. तसं पोट तिनं आधी पाहिलं होतं. रोज चोळलं होतं, तेल लावून.

तिनं गालियाला बोलावलं. गालिया क्युबात शिकून आलेली जनावरांची डॉक्टर. तोंडाची फटकळ. उंटाच्या मालकांना ती खडसावायची, पण सल्काच्या दारात मात्र तिला शब्द सापडेनात.

"जंताचं औषध देते," ती पिल्लाचं पोट चाचपत म्हणाली. "आणि खाण्यातलं... ते जरा बंद करून बघू."

"काय बंद?"

"म्हणजे... धान्य. सगळंच. याच्या आतड्याला झेपत नाहीये. एकदम तोडू नको, आठवडाभरात हळूहळू. रोज मूठभर कमी करायचं नि तेवढं मांस, मसूर वाढवायचं. महिनाभर तरी." गालिया पिल्लाच्या कानाकडे बघून बोलत होती. "सल्का, सगळ्याच पिल्लांचं असं असतं असं नाही हां. हे आपलं..."

"मला येतं ते," सल्का म्हणाली. "मला सगळं येतं. कशात काय असतं, कुठून लागतं, सगळं."

आणि तिनं फळीवरून लाल चिंधीचं पातेलं काढलं.

रोज एक मूठ पेज कमी, एक मूठ फोफसा जास्त. आठव्या दिवशी पेज बंद. लहबीब खाटकाकडून फोफसा, आतडी, कधी मानेचं हाड आणून चुलीशी ठेवायचा. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता तो, फेऱ्या संपवून वाकडी वाट करून यायचा. शेजारची मनीना कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "सल्का, मला ठेवून घे गं तुझ्याकडे. भुंकायला शिकते मी." मग स्वतःचंच बोलणं ऐकून ओशाळली आणि दुसऱ्या दिवशी घरचं मूठभर वाळवलेलं मांस कागदात बांधून देऊन गेली. "माझ्या त्या म्हाताऱ्याला चाववत नाही, नाहीतर आणलं नसतं हो," असं वर.

सल्का पिल्लाला पातेल्यातून कधीच देत नसे. पातेल्यातून डब्यात ओतायची नि डबा घेऊन कुंपणाकडे जायची. कुत्र्याचं तोंड लागलेलं भांडं धर्मानं सात वेळा धुवावं लागतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण आईचा आक्षेप कुत्र्याच्या तोंडावर नव्हता, हेही तिला कळत होतं. ते पातेलं पुन्हा चुलीवर चढलेलं एम्बारकाला बघवत नव्हतं.

पेज बंद होऊन दोन आठवडे झाले. पिल्लू ठीक होईना. एक दिवस बरं, दोन दिवस तेच. गालिया येऊन गेली. "बाहेरून काही पोटात जातंय याच्या," म्हणाली. "नीट लक्ष ठेव. अंगात काही उरलं नाहीये त्याच्या. आता पुन्हा जुलाब झाले तर माझ्या हातात नाही."

सल्का त्या दिवशी कुंपणाशी बराच वेळ उकिडवी बसली. पिल्लानं उभ्या कानाचं डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं. दहबानं त्याला हे शिकवलं होतं. "डोकं ठेव, मग खाऊ." खाऊ संपला, शिकवणारी संपली, डोकं ठेवायची त्याची सवय तेवढी राहिली. दहबाची खेळणी नव्हती फार. चपलांचा एक जोड, शाळेची पाटी, आणि हे. याला मरू द्यायचं नाही, एवढं एकच सल्कानं ठरवलं होतं.

उठताना तिला पत्र्याच्या कडेला वाळूत काहीतरी दिसलं. भाकरीचा पापुद्रा, नखाएवढा.

कुणी टाकला, हे तिला शोधावं लागलं नाही. जावई घरात असताना त्याच्यासमोर सासूनं जेवायचं नाही आणि सासूसमोर जावयानं तोंड उघडं ठेवायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. एम्बारका आली की लहबीब फडकं नाकापर्यंत ओढून घ्यायचा. म्हणून लहबीब घरी असला की एम्बारका आपल्या वाटणीची भाकर पदरात घेऊन "माझ्या शेळ्यांच्या पंगतीला बसते" म्हणत कुंपणाकडे जायची. वर्षानुवर्षं. त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

सल्काची कानशिलं तापली. राग आला की तो बरा वाटतो कधीकधी, हाताला काहीतरी लागल्यासारखं होतं. आणि या रागाखाली दुसरा एक होता, जुना, बहात्तर दिवसांचा, जो तिनं आईसमोर कधी बाहेर काढला नव्हता.

कारण ती जवाची पिशवी.

पाऊस झाला त्या वर्षी, तिकडच्या खोलगटात पेरलेला जव होता तो. एम्बारका अठरा वर्षांची असताना जो मुलूख पायी सोडून आली, तिथला. पिशवी उघडून तिनं तोंड आत घातलं होतं नि किती वेळ बाहेर काढलंच नव्हतं. मग ती दळायची, मळायची, आणि विस्तवानं तापवलेल्या वाळूत पुरून भाकर भाजायची, तिच्या आईसारखी. "रोग त्या मदतीच्या पोत्यातल्या पिठात आहे," असं ती नेहमी म्हणायची. "कुठल्या कुठल्या बंदरात सडून येतं ते. आपल्या मातीतला दाणा आपल्या लेकराला कसा बाधेल?" डॉक्टरांनी चार वेळा समजावलं होतं. एम्बारका चारही वेळा मान डोलवून आली होती.

रोज दुपारी, सगळे पडलेले असताना, तळहाताएवढी एक भाकर. महिनाभर दहबाला काही झालं नाही. गाल वर आले होते, गाणी म्हणायची. पिशवी संपता संपता पोट बिघडलं, आणि बाहेर ऊन असं की टँकरमधलं पाणी हाताला पोळायचं. दवाखान्यात सुईला शीर सापडेना. पाच दिवस.

नंतर घरात 'भाकर' हा शब्दच कुणी काढेना. "जेवण झालं का?" असं विचारायचे. "ते दे जरा," असं म्हणून बोट दाखवायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एम्बारका पदरात भाकर घेऊन निघाली तशी सल्का मागोमाग गेली. कुंपणं म्हणजे सगळा भंगाराचा बाजार. पत्रे, जाळ्या, जुन्या गाड्यांची दारं. एका हिरव्या दाराआड ती उभी राहिली.

एम्बारका पालथ्या डब्यावर बसली. भाकर पदरातून काढली, कपाळाला लावली, तोडली. तुकडा तोंडाशी नेला. तो तिथेच राहिला, ओठांपासून चार बोटांवर. तिनं डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. घशातून एक कसनुसा आवाज आला. मग हात हळूहळू खाली आला, आणि पिल्लानं डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं.

हात खाली येताना चांदीचं कडं कोपरापासून घरंगळून पार बोटांच्या पेरांपर्यंत आलं. तेच कडं, जे पूर्वी साबण लावूनही निघत नसे. सल्काला ते आत्ता दिसलं. ती किती दिवस फक्त पिल्लाच्या फासळ्या मोजत होती.

"आई!"

एम्बारका दचकली नाही. तुकडा मुठीत मिटला फक्त. "आलीस? मला वाटलंच होतं. त्या गालियाचं नाक कुत्र्यापेक्षा तिखट."

"कधीपासून खात नाहीयेस तू?"

"कोण म्हणतं खात नाही? दात दुखतात."

"कधीपासून, आई?"

"चहा पिते. खजूर खाते. दूध पिते." एम्बारका पिल्लाचा पडका कान सरळ करत राहिली. "ही जात नाही खाली. तोंडाशी नेली की नरडं मिटतं. मग काय करू? नको म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का नको. फेकायची तर देवाची देणगी, कुठे फेकू? शेळ्यांना घातली तर मनीना सतरा प्रश्न विचारते. हे बिचारं काही विचारत नाही."

"पण हे मरेल ना! तुला माहितीये त्याला हे... तूच कशी पुन्हा..." सल्काचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

"वाक्य पुरं कर," एम्बारका म्हणाली.

शेळी खोकली. पिल्लू मिटलेल्या मुठीचा वास घेत होतं.

"पुरं कर गं. आज त्र्याहत्तर दिवस झाले. तू मोजतेस तशी मीही मोजते. रोज सकाळी उठते नि म्हणते, आज बोलेल. आज माझं तोंडही बघायचं नाही म्हणेल. तू मला चहा देतेस. पाय चेपतेस. याचं पथ्य करतेस, पातेलं घासतेस. आणि बोलत नाहीस. त्यापेक्षा मला दगड मार."

सल्का खाली वाळूत बसली. आईच्या मुठीवर हात ठेवून तिनं एकेक बोट उघडलं, ओलसर झालेला तुकडा काढून घेतला. बिस्कुटाची मान तुकड्यामागे वळली. तिनं तो स्वतःच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

मग ती गाठ आणखी घट्ट ओढली.

"तू भाजायचीस ना," ती म्हणाली, "वाळूत. त्याचा वास यायचा मला."

एम्बारकाचा पिल्लाच्या कानावरचा हात थांबला.

"तू सुरू केलंस त्याच्या तिसऱ्या दिवशी मी उठून आले होते, आई. दारात उभी होते. तुझी पाठ होती माझ्याकडे. दहबानं पाहिलं मला. तोंड भरलेलं होतं तिचं, नि हसली, आणि ओठांवर बोट ठेवलं, बोलू नको म्हणून." सल्काचा आवाज अगदी साधा होता, बाजारहाट सांगावा तसा. "मलाही वाटलं, आपल्या मातीतला जव आहे. त्यानं काय होणार. मी घागर उचलली नि पाण्याला गेले. मग रोज त्या वेळेला मी पाण्याला जायला लागले, आई. पिशवी संपेपर्यंत. तू एकटीनं नाही दिली तिला. दोघींनी दिली."