रोपाचं खाचर

निघायला थोडा उशीर झाला, एवढंच. निहारला ऐन वेळी शी लागली. चार वर्षांचं पोर ते, लागणारच. पण कौस्तुभने तेवढ्यावरून महाळुंग्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वरदाचा दंड असा आवळला की बोटं उमटली, आणि त्याच मिनिटाला वॉचमनकडे वळून हसून गुड मॉर्निंग म्हणाला. हे त्याचं कसब होतं. बाहेरच्यांसाठी साखर, आणि घरच्यांसाठी जे काय तळाशी उरेल ते.

स्वरदाने बाही खाली ओढली आणि मुलांना मागच्या सीटवर बसवून पट्टे लावले. सात वर्षांची किमया खिडकीशी, निहार मधोमध. किमया झाल्यापासून तिने मनाशी एकच रेघ मारून ठेवली होती: हा मला मारतो, मुलांना नाही. ज्या दिवशी मुलांवर हात पडेल, त्या दिवशी मी घराबाहेर. लातूरला आईलाही तिने फोनवर हेच सांगितलं होतं, आणि आई म्हणाली होती, "मग ठीक आहे." आता यात ठीक काय होतं ते त्या बाईलाच ठाऊक.

गाडी नवी होती, चारही चाकांना जोर मिळणारी, डोंगर चढणारी. कौस्तुभ मूळचा अमरावतीचा, हिंजवडीत मॅनेजर; स्वरदाही नोकरीला, अधूनमधून कामासाठी बाहेरगावी जाणारी. आठवडाभर लॅपटॉपसमोर मान मोडायची आणि शनिवारी चिखलात गाड्या घालायच्या, अशा एका ग्रुपमध्ये तो शिरला होता. या खेपेला सगळे बायकापोरांसकट निघाले होते. ग्रुप मनीष चालवायचा, समंजस माणूस. रिहे गावाच्या अलीकडे चहाला थांबले तेव्हा त्याने सगळ्यांना बजावलं, "डोंगराकडच्या वाटेनेच जायचं. शेतात कुणी उतरायचं नाही. इथे आता भातलावणी सुरू होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. कौस्तुभने जरा जास्तच.

पहिल्याच चढाला त्याची गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. बाकीच्या गाड्या बाजूने वर निघून गेल्या आणि वॉकीटॉकीवर कुणीतरी म्हणालं, "कौस्तुभराव, वहिनींना द्या चालवायला." सगळे खो खो हसले. कौस्तुभही हसला. या विनोदाचं बिल कुणाच्या नावावर फाटणार हे स्वरदाला मात्र पक्कं माहीत होतं.

त्याने गाडी वर नेलीच नाही. खाली ओढ्याच्या कडेला वळवली. तिथे पाण्याने भरलेली मोकळी खाचरं होती, आणि त्यांच्यामध्ये एका तुकड्यात हिरवंगार, दाट, लुसलुशीत काहीतरी उगवलेलं.

"फोन काढ," तो म्हणाला. "इथे असा व्हिडिओ होईल ना, त्यांची तोंडं बंद."

"कौस्तुभ, शेत दिसतंय ते कुणाचं तरी."

"शेतात इतकं दाट पेरतात का? गवत आहे. तू लातूरची, तुला काय कळतंय पाण्यातलं?"

त्याच्याकडे कापूस, तिच्याकडे तूर आणि सोयाबीन. भात आधी एका तुकड्यात दाट पेरतात, रोप वीतभर झालं की उपटून सगळ्या खाचरांत लावतात, हे दोघांच्याही घराण्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. शिवाय वाद कशाला घालायचा, दंड अजून दुखत होता. तिने फोन काढला.

गाडी बांध फोडून आत गेली. कौस्तुभने स्टिअरिंग एका बाजूला पिळलं आणि गाडी गरागरा फिरवली. चिखल उडत होता, त्याबरोबर हिरव्या जुड्याच्या जुड्या मुळासकट उडून काचांवर थापल्या जात होत्या. तो ओरडत होता, "घे, घे, नीट घे." किमया सीटला घट्ट धरून बसली होती. चार-पाच फेऱ्या झाल्या आणि गाडी पोटापर्यंत रुतून उभी राहिली.

बांधावरून तिघं पळत आली. पुढे साठीचा भिकू, डोक्याला टोपी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. मागे त्याचा मुलगा किशोर, हातात दांडकं. त्याच्या मागे सून जया. भिकू खाचराच्या कडेला आला आणि नुसता उभा राहिला.

"रोप हाय त्ये," तो म्हणाला. "समद्या शेताचं रोप. आठ दिसांत लावनी व्हती."

कौस्तुभने काच खाली केली. "काका, गवत वाटलं. काय असेल ते सांगा, देऊन टाकतो. विषय संपवा."

"गवात?" किशोर चिखल तुडवत खिडकीशी आला. "आता पेरून कवा उगवायचं आनि कवा लावायचं? आमी काय वरीसभर तुजं तोंड बघायचं?" आणि त्याने खिडकीतून हात घालून कौस्तुभच्या कानाखाली फाडकन वाजवली.

कौस्तुभने काच वर केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बायकोपोरांसमोर मार खाल्ला होता त्याने, आणि तो कुणावर तरी निघायला हवा होता. बाहेर किशोरचं दांडकं बॉनेटवर पडलं, मग पुढच्या काचेवर. काचेला तडे गेले आणि निहारने भोकाड पसरलं.

"गप्प बस."

चार वर्षांचं पोर, ते कसलं गप्प बसतंय.

"गप्प बस म्हटलं ना," म्हणत कौस्तुभ सीटवरून मागे वळला आणि त्याने उलट्या हाताने निहारच्या तोंडावर मारलं. जोरात. मोठ्या माणसाला मारावं तसं. पोराचा ओठ दातात सापडून फाटला आणि हनुवटीवरून रक्त टी-शर्टवर गळायला लागलं. निहारचा आवाज बंद झाला. त्याला श्वासच घेता येईना.

तेवढ्यात जया गाडीसमोर आली. ती नवऱ्याचं दांडकं धरायला आली होती. "आवं, टाका त्ये, आत लेकरं हायेत." पण कौस्तुभला एवढंच दिसलं, की कुणीतरी आडवं उभं आहे. त्याने गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

"कौस्तुभ, बाई आहे पुढे."

गाडीने हिसका दिला. जयाचा पाय घसरला आणि ती बॉनेटखाली दिसेनाशी झाली. इंजिन अजून ओरडत होतं, चाकं फिरत होती.

स्वरदाच्या पायाशी गाडी ओढायच्या दोराची लोखंडी कडी पडली होती, चांगली मुठीएवढी, जड. तिने ती उचलली आणि गिअरवरच्या त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो किंचाळला. तिने दुसऱ्यांदा घातली, तिसऱ्यांदा घातली, कोपरावर, खांद्यावर, जिथे बसेल तिथे. नऊ वर्षांचं साचलेलं होतं, त्याला काय नेम लागतो? त्याचा पाय सुटला, इंजिन बंद पडलं. तिने चावी उपसली, दार उघडलं आणि ती चिखलात भिरकावली.

मग ती उतरली, गुडघाभर रुतली, आणि दोन्ही मुलांना तिने ओढून बाहेर काढलं. जया गाडीपुढून हातांवर सरपटत निघाली होती. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, कपाळाला खोक. ती उठली आणि काही न विचारता निहारला तिने कडेवर घेतलं.

किशोर दुसऱ्या बाजूने कौस्तुभला शर्टाला धरून बाहेर खेचत होता. "माज्या बायकोवर गाडी घालतो काय?" त्याने त्याला चिखलात आपटलं, बरगडीत लाथा घातल्या. कौस्तुभने धड हाताने चिखल त्याच्या डोळ्यांत मारला, त्याच्या पोटरीचा चावा घेतला. किशोर मग पाठीवर गुडघा देऊन बसला आणि त्याने त्याचं तोंड तुडवलेल्या रोपात दाबून धरलं. कौस्तुभचे पाय झाडले जात होते.

भिकूने स्वरदाकडे पाहिलं. "बाई, मालक हायेत तुमचं. सोडवू का?"

खोटं कशाला सांगा, स्वरदाला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. निहारच्या ओठातून रक्त येत होतं आणि ती त्या झाडणाऱ्या पायांकडे बघत उभी होती. पाय हळूहळू मंदावले. मग तिचं लक्ष किमयाकडे गेलं. पोरगी बापाकडे बघतच नव्हती. आईच्या तोंडाकडे बघत होती.

"सोडवा," स्वरदा म्हणाली.

भिकूने मुलाला केसाला धरून मागे ओढलं. कौस्तुभ कुशीवर वळला, खोकला, ओकला, चिखल थुंकला. मोडलेला हात पोटाशी धरून त्याने बायकोला शोधलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "घरी चल. बघतो तुला."

गाडीतल्या वॉकीटॉकीवर मनीष विचारत होता, "कौस्तुभ, कुठे आहेस? आम्ही मागे येतोय." म्हणजे याला उचलायला माणसं येत होती. स्वरदा भिकूकडे वळली. "पोलीस ठाणं कुठे आहे?"

भिकूचा चेहरा उतरला. "पौडला. बाई, पोरानं लई मारलं, खरं हाय, पन त्यानं बी..."

"तुमच्यावर नाही."

म्हाताऱ्याला कळेना. जयाला कळलं. तिने निहारच्या ओठाला पदर लावला आणि म्हणाली, "दुधाची पिकअप हाय. मी चालवती. चला."

घोटावड्याच्या रस्त्याला लागले आणि वारा लागला तशी स्वरदाची हवा जायला लागली. अंगावरचा चिखल वाळून ओढत होता. काय सांगणार होती ती तिथे? एक थप्पड. रागाच्या भरात, तेही माणसं काच फोडत असताना. पहिलीच वेळ. हात तर आपणच मोडलाय त्याचा. आई म्हणेल, एवढ्यासाठी कुणी पोलिसांत जातं का? मुलांना त्याने आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं, हेही खरंच होतं ना? तिने जयाला गाडी महाळुंग्याकडे घ्यायला सांगायचं ठरवलं आणि तोंड उघडलं.

"आई," किमया म्हणाली. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "निहारला सांग, रात्री सूज उतरते. बर्फ कपड्यात गुंडाळून ठेवायचा, नुसता नाही ठेवायचा."

"तुला काय माहीत?"

"बाबानेच शिकवलं. तू कंपनीच्या कामाला बेंगळुरूला जातेस ना, तेव्हा. बर्फ लावला की तुला दिसत नाही म्हणाला."

स्वरदाने उघडलेलं तोंड मिटलं. तिने किमयाचं डोकं छातीशी धरलं, इतकं घट्ट की पोरगी "दुखतंय" म्हणाली, तेव्हा कुठे हात सैल केला. जयाने सगळं ऐकलं होतं. तिने गिअर बदलला.

"पौड अजून किती लांब आहे?" स्वरदाने विचारलं.