पाटाच्या तोंडाशी मोरचूद

वरच्या अंगाच्या वावरात इंद्रजीतची मिरची मान टाकायला लागली, तेव्हा म्हातारा कारभारी रोज बांधावर जाऊन बघायला लागला. दुपारी झाड सुकायचं, सांजेला जरा उभं राहायचं, अन् मग एके दिवशी उठायचंच सोडून द्यायचं. उपटून बघावं तर बुंधा काळा अन् मुळी सडलेली. या रोगाला पाचोडच्या आसपास सगळे मर म्हणतात, दुसरं काही म्हणायची गरजच कुणाला पडली नाही. अन् मर पाण्याच्या पावलानं खाली उतरते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इंद्रजीतच्या खाली कारभारीचं वावर होतं.

दुसरी कुठली मिरची असती तर म्हाताऱ्यानं एवढा घोर लावून घेतला नसता. पण ही मनकर्णाबाईची मिरची. मनकर्णाबाई म्हणजे त्याची बायको, तीन वर्षांमागं गेली. तिची मिरची बुटकी, जाड सालीची, वाळली की काळपट लाल, अन् फोडणीत पडली की चार घरं शिंकायची. बियाचं झाड ती फुलावर असतानाच हेरायची अन् त्याला चिंधी बांधायची. त्या झाडाची मिरची तोडायची कुणाची टाप नव्हती, खुद्द कारभारीचीही नाही. मागच्या साली मरीनं सगळं वावर खाल्लं. राखेत घोळून ठेवलेलं जुनं मूठभर बी तेवढं उरलं. जुन्या बियाचा भरवसा काय, म्हणून यंदा ते सगळंच्या सगळं टाकलं. आता ही झाडं पिकली तर बी. नाहीतर मनकर्णाबाईची मिरची या जगातून उठली, असा सरळ हिशोब होता.

पोरगा राजेंद्र शेंद्र्याला कंपनीत. तो सुट्टीला यायचा, दोन भाकरी खायचा अन् झोपायचा. शेती बघायची ती सून, सुलेखा. बाई हुशार, अन् हट्टी म्हणाल तर सासूच्या वरताण. शहरात बायकांच्या प्रशिक्षणाला जाऊन आली अन् येताना पांढऱ्या भुकटीची पिशवी घेऊन आली. बियाला भुकटी चोळली. थोडी शेणखतात कालवली, गुळाचं पाणी शिंपडलं, वर ओलं गोणपाट टाकलं. रोपं वावरात लावायच्या आदल्या आठवड्यात तिनं सासऱ्याला बोलावलं अन् गोणपाट उचललं.

"बघा मामा, कशी फळलीय!"

खतावर हिरवी-पांढरी बुरशी दाटून आली होती. कारभारी दोन पावलं मागं सरला.

"आगं, ही तर बुरशी!"

"बुरशीच हाये. पण आपल्या बाजूची. मुळीला येटाळून बसती, आन् मरीची बुरशी आली की तिला खाऊन टाकती. जित्ती हाये बरं का ही. हिला ओल द्यायची, सावली द्यायची. फकस्त औषधाचं नाव काढायचं नाय. मोरचूद नाय, कुठलं बुरशीनाशक नाय. पाण्यात तर नायच नाय."

"बरं बाई," कारभारी म्हणाला.

बरं म्हणाला खरा. पण उभा जन्म ज्या माणसानं बुरशीशी वैर धरलं, त्याच्या घरात सुनेनं बुरशीच आणून पाळली, आता सांगा! दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हा तर मागच्या साली होरपळूनच निघाला होता. ते खत मुळाशी घालून रोपं लावली, ती जोमानं वाढली, फुलावर आली. पण वरच्या वावराकडं नजर गेली की त्याचा जीव खालीवर व्हायचा. इंद्रजीतच्या बांधाकडची झाडं आता उभ्या उभ्या तांबूस पडली होती. पावसाचं पाणी तिथून उतरायचं अन् कारभारीच्या वावरात गपचूप जिरायचं.

पाचोडच्या बाजारच्या दिवशी त्यानं मोरचूद आणला. निळे खडे, खडीसाखरेएवढाले. ही त्याच्या बापापासूनची रीत. जुनेराच्या फडक्यात खडे बांधायचे अन् पुरचुंडी पाटाच्या तोंडाशी दगडाखाली अडकवायची. पाणी तिच्यावरून वाहतं, निळाई मुळाशी जाते, बुरशी मरते. विहिरीची मोटार सुरू झाली की दारं धरायचं काम कारभारीचं, वाफ्या-वाफ्याला पाणी वळवायचं. तिथं दुसरं कोण बघायला येतंय?

सुनेचं म्हणणं त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण त्याच्या मनात निराळंच होतं. गावात कुणी तापानं फणफणलं तर लोक दंडाला गंडाही बांधतात अन् दवाखान्यात नेऊन सुईही टोचून आणतात. गंडा कधी सुईवर रुसला? सुनेची बुरशी सुनेच्या जागी, आपला मोरचूद आपल्या जागी. एकाला दोन राखणदार. तिला सांगून उगा तोंडाला तोंड कशाला लावा? बाबा रे, तोंडाला तोंड लागलं असतं तर किती बरं झालं असतं!

दोन पाण्यांनंतर पाटाजवळच्या वाफ्यात पहिली झाडं वाकली.

सुलेखानं एक झाड उपटलं, मुळी बोटावर घेतली, वास घेतला. मग खाली बसून माती उकरत राहिली. वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, पाण्यात काय टाकलं नाय ना?"

कारभारीच्या हातात फावडं होतं. "नाय," तो म्हणाला. "काय टाकू?"

एवढासा शब्द. सुनेपुढं खाली बघायला नको, म्हणून तोंडातून निघून गेला. तिनं एका शब्दानं संशय घेतला नाही. तिनं मान हलवली अन् उरलेली भुकटी पाण्यात कालवून घागरीनं बुंध्या-बुंध्याला घालायला लागली. ऊन तापलेलं, अंगावरचं लुगडं घामानं भिजलेलं, पण बाई थांबली नाही. कारभारीला तिची दया आली, अन् त्याहून जास्त भीती वाटली. हिच्या भुकटीनं काही होत नाही, हे त्याला आता पुरतं पटलं. मनकर्णाची मिरची डोळ्यांदेखत चालली होती. दुसऱ्या दिवशी वीज आली, मोटार सुरू झाली, अन् त्यानं पहिल्याच्या दुप्पट पुरचुंडी बांधली. गाठ घट्ट मारली.

मग मर थांबली नाही. पाट जसा जाईल तशी ती जात होती, वाफ्यामागून वाफा. सकाळी वावरात शिरायचं म्हटलं की कारभारी आधी बांधावरच उभा राहायचा. काल हिरवी दिसलेली ओळ आज मान टाकून असायची. कावळेसुद्धा त्या वावरात उतरेनासे झाले, असं त्याला वाटायचं. खरं-खोटं कावळ्यांनाच माहीत. पण वावर गप होतं एवढं खरं.

शेवटच्या वाफ्याची पानं लोंबली त्या दिवशी सुलेखा बांधावर बसून होती. ओटीत उपटलेली झाडं.

"मुळीला बुरशीचा एक धागा नाय, मामा," ती म्हणाली. "मरीची बुरशी तेवढी हाये. आपली कुठं गेली? दोनदा घातली. आशी समदी मरत नाय ती. मोरचुदाचं तांबं लागलं तरच मरती, आन् मग मुळ्या उघड्या पडत्यात. मरीची तर वरच्या वावरातून पाण्यासंगट पुन्यांदा उतरतीच. राखण उठली की चोराला वाट मोकळी. पण आपण तर तसलं काय टाकलंच नाय…"

देवा, मीच की रे तो, कारभारीच्या मनात आलं, मीच वाट मोकळी केली. पण तो खाली वाकून एक मेलेलं झाड उपटायला लागला.

तेवढ्यात शेजारची आशाबाई बांधावरून आली. संगट आणखी दोघी. रिकामं वावर बघायला माणसं कशी गोळा होतात बघा, भरलेलं असताना कुणी फिरकत नाही.

"मी म्हणलंच व्हतं," आशाबाई म्हणाली. "बुरशीनं कुठं बुरशी जाती व्हय? घरात पाळली, वावरात नेऊन सोडली. सासूनं जल्मभर जपलेली मिरची सुनेनं एका सालात गिळली. लई शानपण बरं नसतं, बाई."

सुलेखानं उलटून बोलावं असं कारभारीला फार वाटलं. एरवी ती बोलली असती. आज तिनं पदरानं नाक पुसलं.

"व्हय मावशी," ती म्हणाली. "माझंच कायतरी चुकलं."

ते मात्र म्हाताऱ्याला सोसवलं नाही.

"तिचं नाय चुकलं," तो म्हणाला. "म्या पाटात मोरचूद सोडला. दोनदा. तिनं नगं म्हणलं व्हतं, तरी सोडला. तिची बुरशी म्या मारली, आशाबाई. मिरची म्याच मारली."

आशाबाईनं पदर सावरला अन् बायकांना घेऊन आल्या वाटेनं गेली.

सुलेखा बसल्या जागेवरून उठली. मेलेल्या ओळींतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंडली, झाडाझाडाला वाकून बघत, एखादी तरी पिकलेली मिरची मिळते का म्हणून. लाल एकही नव्हती. तिनं एक हिरवी तोडून नखानं चिरली. आत बी होतं, पण पाण्यासारखं पांढरं, पोचट. बोटानं दाबलं तर फुटलं. तिनं ते कारभारीला दाखवलं.

"म्या इचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. "तव्हा खालचे वाफे समदे हिरवे होते, मामा. पाट बंद करून घागरीनं पाणी घातलं असतं. बियापुरती चार झाडं तरी म्या जगवली असती."

कारभारीनं दोन्ही हात जोडले. तिनं ते खाली केले अन् घराकडं चालायला लागली.

सांजेला तिनं त्याला ताट वाढलं. भाकरी अन् ठेचा, बाजारातून आणलेल्या मिरचीचा. कारभारीनं घास मोडला अन् हातातच धरून ठेवला. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडलं.

"जेवा मामा," सुलेखा म्हणाली. "आता हीच मिरची खायची."