दोन फोन, एक वाट

मित्रांनो, मी एका सेविकेचा जुना फोन आहे. सध्या मुक्काम ऑफिसच्या खणात. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे, बॅटरी दुपारपर्यंतही तग धरत नाही. तरी मला सुटका नाही, आणि तेच तुम्हाला सांगायचे आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, आपण गाणी वाजवू, फोटो काढू. नशिबी आला बाईंच्या एप्रनचा खिसा! आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालणे, कुशीवर वळवणे हे बाईंचे काम आणि त्या कुठे आहेत हे दर मिनिटाला सेविका पाठवणाऱ्या कंपनीला कळवणे हे माझे. साबणाच्या वासात सात वर्षे काढली. "कधी दगा दिला नाही हो यानं," असे बाई म्हणत, तेव्हा मी फुलून जाई.

बाईंच्या यादीत एक ड्रायव्हरकाका होते. अर्धांगवायूने वाचा गेलेली, देह मात्र दणकट. एकटीला त्यांना कुशीवर वळवता येईना, त्यामुळे पाठीला जखमा झाल्या. बाईंची जाऊही याच कंपनीत होती. दोघींनी ठरवले, तुझी घरे आणि माझी घरे, दोघींनी मिळून करायची. एका घरी एकीनेच जायचे असा नियम होता, म्हणून दोघींनी ऑफिसात ब्र काढला नाही. तिथेच चुकले. काकांच्या जखमा मात्र भरून आल्या.

मग कंपनीने मशीन लर्निंगचा प्रोग्राम आणला. सगळ्यांच्या वाटा एकमेकींशी ताडून पाहून तो लबाडी हुडकत असे. आम्ही दोन फोन, मी आणि जाऊबाईंचा, दिवसभर एकाच वाटेवर! त्याने निकाल दिला, दोन्ही फोन एकीच्याच खिशात आहेत आणि दुसरी घरी बसून पगार खाते.

"साहेब, आम्ही दोघी जात होतो हो! काकांना एकट्यानं उचलून तर बघा!" बाई रडकुंडीला आल्या.

"दोघी गेलात तर नियम मोडलात. नाही गेलात तर हजेरी खोटी. काय लिहू, तुम्हीच सांगा."

"मग काकांनाच विचारा."

"ते बोलतात का?"

मी समोर टेबलावरच होतो. काकांना उचलताना दोघींना लागणाऱ्या धापा मी खिशातून ऐकल्या होत्या, पण मला 'कुठे' एवढेच सांगता येते, 'कशासाठी' ते नाही. माझा जीव नुसता तुटत होता. दोन्ही जावांची नोकरी एकाच दिवशी गेली आणि मी या खणात आलो. काकांची पाठ पुन्हा चिघळल्याचे नवी सेविका परवा इथे सांगत होती.

मित्रांनो, एवढ्यावर संपले असते तर मी मुकाट पडून राहिलो असतो. पण आमच्या वाटा त्या प्रोग्रामला लबाडीचा नमुना म्हणून शिकवल्या आहेत. तशीच जोडी दिसली की तो साहेबांना कळवतो. आज सकाळी त्याने कळवले. दुसऱ्या शाखेतल्या दोघी सेविका बाहेर बाकावर बसल्या आहेत, खणाच्या फटीतून मला दिसतात. एकीने दुसरीचा हात घट्ट धरला आहे.

फोन जपून वापरा, असे मी सांगणार नाही. फोन काय, दुसरे मिळतात. पण साहेबांचे दार उघडण्याआधी कोणीतरी त्या दोघींना विचारा हो, की बायांनो, तुम्ही दोघी मिळून कोणाला उचलत होता?