तुमीच दाबा, काकू

मी मुकेशच्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर बोलतोय. नालवाडीत 'गुंतवणूक सल्ला केंद्र' असा एक निळा बोर्ड आहे. त्याच्या खालच्या खोलीत, काचेच्या टेबलावर मी दहा वर्षं पडून आहे. फार जवळून बघू नका, किळस येईल. मलाच येते.

नवा होतो तेव्हा कसा लख्ख होतो! बारा आकडी पडदा, डोक्यावर उन्हावर चालणारी पट्टी. वर्ध्याच्या बाजारातून मुकेशनं मला दोनशे ऐंशी रुपयांत उचललं. मला वाटलं होतं, एखाद्या शाळेत जाईन, नाहीतर किराणा दुकानात तरी. नशिबी आला हा बाबा. सकाळी तर्री-पोहे खाणार आणि तीच बोटं माझ्यावर फिरवणार. मग प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसणार, सुपारीचा भुगा माझ्या फटींत. टक्क्याचं बटण इतकं चिकट झालंय, की दाबलं की वर यायला कुरकुरतं. वर्गमुळाचं बटण मात्र कोरं राहिलं होतं. त्याची इथे कुणाला गरजच पडली नाही.

हाताची घाण एकवेळ पुसता येते हो. याच्या धंद्याची रीत त्याहून घाण. हा शेवटचं बटण स्वतः कधी दाबत नाही. गिऱ्हाईक समोर बसलं की मला गर्रकन त्याच्याकडे फिरवतो, आकडे सांगतो आणि म्हणतो, "तुमीच दाबा." आपल्याच बोटानं काढलेल्या उत्तरावर माणूस शंका घेत नाही, हे त्यानं कधीच ओळखलंय.

आठ वर्षांपूर्वी पवनारच्या कुसुमबाई आल्या. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि पहाटेच्या बसनं वर्ध्याला आणून विकायचं, असा त्यांचा जन्म गेला. त्यातून चार लाख साठले होते. ते बँकेत होते, वर्षाला सात टक्क्यांनी. लेक दिपाली तेव्हा चौथीत होती. तिला नर्स करायचं, हे बाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

"काकू, बँकेत काऊन सडवून राह्यले पैसे?" मुकेश म्हणाला. "आपल्या योजनेत चार लाखाचे आठ वर्षांत सहा लाख चाळीस हजार. नफा किती? दोन लाख चाळीस. म्हणजे साठ टक्के. आता साठ भागिले आठ. घ्या, तुमीच दाबा."

बाईंनी पदराला बोट पुसलं आणि दबकत दाबलं. मी दाखवलं, साडेसात.

"बँकेपेक्षा जास्त!" मुकेश म्हणाला. " मशीन खोटं बोलते का?"

अहो, साठाला आठानं भागलं तर साडेसातच येणार! मला जे विचारलं तेवढंच मी सांगू शकतो. विचारणाराच लबाड असेल तर मी काय कपाळ फोडून घेऊ? बाईंनी बँकेतली ठेव मोडली आणि मुकेशनं त्याच दिवशी आपलं कमिशन माझ्यावर मोजलं. ते मोजताना मात्र गडी शिट्टी वाजवत होता.

परवा मुदत संपली. कुसुमबाई दिपालीला घेऊन आल्या. पोरगी बारावी झाली होती, नर्सिंगला नंबर लागला होता. चार वर्षांची फी आणि वसतिगृह मिळून पावणेसात लाख लागणार होते. हातात येणार होते सहा लाख चाळीस. पस्तीस हजार कमी.

"थोडेच तर कमी आहे," मुकेश म्हणाला. "साडेसात टक्क्यानं वाढले, अजून काय पायजे?"

दिपालीनं मला ओढून घेतलं. सहा लाख चाळीसला चार लाखानं भागलं, एक पूर्णांक सहा आलं. मग तिनं ते वर्गमुळाचं कोरं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ वर्षं, म्हणून तीनदा. पडद्यावर उरलं एक पूर्णांक शून्य सहा. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला धड प्रश्न विचारला होता!

"आई, वर्षाला सहाच टक्के वाढले."

"असं कसं वं? साडेसात आलं होतं ना!"

"आपण लसूण लावतो. आलेला सगळा लसूण पुढच्या साली परत लावला, तर वाढत जाते की नाई? बँकेत तसं व्याजालेबी व्याज लागते. यानं आठ वर्षांचा नफा घेतला अन् नुसता आठानं भागला." मग तिनं बँकेचे सात टक्के आठ वेळा चढवले. मी दाखवलं, सहा लाख सत्त्याऐंशी हजार. "बँकेत राहू दिले असते तर फी भरून वर बारा हजार उरले असते, आई."

आता हा माणूस मान खाली घालेल, असं मला वाटलं. छे! खर्रा गालात सरकवून तो म्हणाला, "काकू, तवा बटन कोनं दाबलं होतं? तुमीच ना?"

बाईंनी आपल्या त्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो बाप्पा. मीच दाबलं होतं." आणि लेकीकडे वळल्या. "माह्याच हातानं झालं पोरी. माफ कर मले."

"तू काऊन माफी मागून राह्यली? आकडे कोनं सांगितले?" दिपाली ओरडलीच. पण बाई ऐकत नव्हत्या. ते बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरून त्या पायऱ्या उतरल्या.

शी! इतकी शिसारी मला त्या तर्रीचीही कधी आली नव्हती. लोकहो, तुम्हाला हात जोडतो, कुणी तुमचं बोट धरून बटणावर नेलं, तर आधी ते बोट मागे घ्या. घरी जा, शिकलेल्या पोरीला विचारा.

पण माझं ऐकतंय कोण? दिपाली अजून सायकलचं कुलूपच काढत होती, तोवर बोरगाव मेघेचे डोमाजी आत आले. दुकान लेकाच्या हवाली करून गाठीला उरलेले दोन लाख कापडी पिशवीत घेऊन आले होते. मुकेशनं बाहीनं माझा पडदा पुसला आणि मला त्यांच्याकडे फिरवलं.

"साठ भागिले आठ. तुमीच दाबा, काका."

डोमाजींनी दाबलं. आणि मी, निर्लज्ज मेला, बरोबर उत्तर दिलं.