डिस्क मोकळी, तरी जागा नाही

काचीगुड्याला स्टेशनमागच्या गल्लीत वडिलांचं वकिलीचं ऑफिस होतं. त्यांच्या माघारी बाळकृष्ण आणि त्रिवेणी या भावंडांनी तिथं नवाच धंदा मांडला. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटची हकीकत रेकॉर्ड करून इंटरनेटवरून पाठवायचे. इथल्या मुली कानाला हेडफोन लावून ती टाईप करायच्या आणि परत धाडायच्या. त्या सुमारास हैदराबादेत अशी ऑफिसं गल्लोगल्ली निघत होती. बाळकृष्ण गिऱ्हाइकं सांभाळायचा, त्रिवेणी मशिनं.

सगळे कॉम्प्युटर तारेनं जोडायचे ही कल्पना तिचीच. आधी मुली फ्लॉपी घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरायच्या. आता कोपऱ्यातल्या मोठ्या मशिनवर, म्हणजे सर्व्हरवर, सगळं काम एकाच फोल्डरात असायचं आणि जी ती आपल्या जागेवरून ते उघडायची. बाळकृष्णाला हे पटायला वेळ लागला. "बंद पडलं तर?" असं त्यानं दहादा विचारलं होतं. "पडलं तर मी आहे," एवढंच ती म्हणाली होती.

आणि एका मोठ्या हॉस्पिटलचं नमुन्याचं काम हातात असताना ते बंद पडलं. सकाळी टाईप करणाऱ्या कमलनं फोल्डर उघडायला घेतलं तर पडद्यावर निरोप आला, सर्व्हरवर पुरेशी जागा नाही. शेजारच्या मशिनवर तेच. सगळीकडे तेच.

त्रिवेणीनं सर्व्हरची डिस्क पाहिली. अर्ध्याहून जास्त रिकामी. सर्व्हरवर बसून उघडलं तर फोल्डर बिनबोभाट उघडत होतं. बाहेरच्या मशिनांनाच ते आत येऊ देत नव्हतं.

मशिनं पुरवणारा सुरेश आला. त्यानं मेमरीची आणखी एक पट्टी बसवली. निरोप हलला नाही.

"मॅडम, ये मशीनच छोटी पडरी," तो म्हणाला. "बडा सर्वर लेना पडता."

"काम आज संध्याकाळी जायचंय," बाळकृष्ण म्हणाला. "त्रिवेणी, खालीपिली परेशान होऊ नकोस. फ्लॉप्या काढ."

"दुपारपर्यंत थांब, दादा."

"आणि दुपारी नाही झालं तर?"

ती पुन्हा सर्व्हरसमोर बसली. कालपर्यंत चालत होतं, मग काल आणि आजमध्ये बदललं काय, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तिनं सुरेशला विचारलं, "काल संध्याकाळी तू आला होतास, तेव्हा सर्व्हरवर काय टाकलंस?"

"कुछ नहीं, मॅडम. अँटीव्हायरस डाला, बस."

तिनं तो काढला, मशीन बंद करून चालू केलं आणि कमलला हाक मारली. फोल्डर उघडलं. पण व्हायरसनं गेल्याच महिन्यात पुष्कळ काम गिळलं होतं. ते औषध काढून टाकणं तिला परवडणारं नव्हतं. तिनं ते परत घातलं. निरोपही परत आला.

मग तिनं ऑफिसचा एकुलता एक फोन इंटरनेटला जोडला. आता गिऱ्हाइकांचे फोन लागणार नव्हते; बाळकृष्णानं कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. बऱ्याच शोधाशोधीनंतर कुणा परदेशी माणसानं लिहिलेली तीच रड सापडली, आणि वाचता वाचता तिला वडिलांचं कोर्ट आठवलं. अर्ज एकेका टेबलावरून पुढे सरकतो, प्रत्येक जण त्यावर शेरा मारतो. शेऱ्यांचे रकाने आधीच ठरलेले. मध्ये एक टेबल वाढलं की रकाने पुरत नाहीत आणि अर्ज माघारी येतो. फोल्डर उघडायची मागणीही सर्व्हरमध्ये अशीच एकेका प्रोग्रॅमकडून पुढे सरकत होती, आणि अँटीव्हायरस हे ते वाढलेलं टेबल होतं. डिस्कचा यात काही संबंधच नव्हता. रकान्यांचा आकडा वाढवायचा होता.

सर्व्हरच्या पोटातल्या सेटिंगमध्ये तिनं त्या माणसानं दिलेलं, या रकान्यांचं इंग्रजी नाव टाईप केलं, आकडा वाढवला, मशीन पुन्हा चालू केलं. कमलनं नकारार्थी मान हलवली. तोच निरोप.

"नक्को मॅडम, छोडो," सुरेश म्हणाला.

त्रिवेणीनं ते पान पुन्हा पहिल्यापासून, अक्षर न् अक्षर वाचलं. त्या माणसानं बजावून लिहिलं होतं: नावातली मोठी अक्षरं मोठीच हवीत, छोटी छोटीच. तिनं सगळं छोट्या अक्षरांत लिहिलं होतं. मशीननं ते नाव ओळखलंच नव्हतं. तिनं ते खोडून नीट लिहिलं. सर्व्हर घरघरत पुन्हा चालू झाला.

"उघडलं, ताई," कमल म्हणाली. मग पलीकडून आवाज आला, "माझंही." मग खिडकीजवळून. अँटीव्हायरस आपल्या जागी होता आणि एकही मशीन बाहेर राहिलं नव्हतं. त्रिवेणी हसायला लागली.

ऊन उतरायच्या आत सगळं काम गेलं. एकही फाईल मागे राहिली नाही. हॉस्पिटलनं आठवड्याभरात कायमचं काम दिलं, आणि बाळकृष्णानं आणखी टेबलं मांडायला वडिलांची पुस्तकांची कपाटं स्वतः आतल्या खोलीत सरकवली.

त्याच धांदलीत सुरेशचा शहराच्या दुसऱ्या भागातून, तारनाक्याहून फोन आला. तिथल्या ऑफिसातही हाच लफडा झाला होता. "मॅडम, आप आते क्या?"

"जा," बाळकृष्ण म्हणाला आणि स्कूटरची किल्ली तिच्यापुढे धरली. "सांग त्यांना, आमच्या सर्व्हरवाल्या मॅडम येताहेत."

किल्ली घेऊन ती निघालीसुद्धा.