कौशल्याची माय

"कौशल्या नावाची मुलगी या वर्गात नाहीये," चारुशीला म्हणाली. "दुसऱ्या तुकडीत असेल. पलीकडच्या खोलीत विचारा."

समोरची बाई उठली नाही. अंगाभोवती पदर घट्ट लपेटून ती बाकाच्या टोकाशी बसली होती.

"हाव, आता नाही," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत गेली. कावीळ झालती तिले."

चारुशीलेने टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

चारुशीला धरमपेठेतल्या एका कारकुनाची मुलगी. ती बी.एड. करत होती आणि पाठ घेण्यासाठी तिला जानेवारीपासून कोष्टी विणकरांच्या वस्तीतल्या या मुलींच्या शाळेत धाडलं होतं. आज सातवीची पालकसभा होती. वर्गशिक्षिका इंदुताईंचा घसा बसला होता, म्हणून त्यांनी पालकांशी बोलायचं काम तिच्यावर सोपवलं. आधी चार चांगले शब्द सांगायचे, मग तक्रार, असं कॉलेजात शिकवलं होतं. सकाळपासून ते नीट जमतही होतं. बाप लोक बसायला संकोचत, उभ्यानेच ऐकून घेत. आयांना एवढंच विचारायचं असे, की पोरगी पास होईल ना.

बाईने आपलं नाव तुळसाबाई सांगितलं. तिला कोणी बोलावलं नव्हतं. शेजारचा गिरिधर आपल्या मुलीसाठी, प्रेमलतेसाठी, शाळेत निघाला, त्याच्यामागे तीही निघाली. याआधीच्या एकाही सभेला ती आली नव्हती. घरात माग होता, बाजाराच्या दिवसाआधी लुगडं उतरायलाच हवं असायचं. पोरगी दर वेळी पाठीमागे लागे, माय, एकदा तरी ये. ती म्हणे, पुढच्या टायमाले.

"म्हटलं, आता जाऊन यावं," तुळसाबाई म्हणाली. "कशी होती जी ती वर्गात?"

"चांगली होती," चारुशीला म्हणाली. शब्द आपसूक आले. "शांत होती. अभ्यासात लक्ष असायचं."

तुळसाबाईने मान वर केली. तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी जागं झालं.

"तुमी पायलं तिले?"

हो म्हणणं सोपं होतं. बाई समाधानाने घरी गेली असती. पण त्या नजरेपुढे चारुशीलेला ते जमलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी नंतर आले इथे."

चारुशीलेने तिला थांबायला सांगितलं आणि इंदुताईंना विचारायला ती शिक्षकांच्या खोलीत गेली. गळ्याला मफलर गुंडाळून इंदुताई गरम पाणी पीत होत्या. मुलगी गेल्याचं त्यांना माहीत होतं. सुट्टीनंतर प्रार्थनेच्या वेळी सगळी शाळा तिच्यासाठी स्तब्ध उभी राहिली होती. पण चेहरा काही केल्या त्यांच्या डोळ्यांसमोर येईना. दोन वेण्यांची, जरा सावळी, असं त्या म्हणाल्या आणि लगेच थांबल्या, कारण ती तर दुसरीच, अजून वर्गात बसणारी मुलगी होती. त्यांनी डोळे मिटून पाहिलं. शेवटी पेला खाली ठेवला.

"नाही गं आठवत," त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या. "चांगली होती म्हणून सांग. आईला तेवढंच हवं असतं."

तसं आपण सांगून आलो, हे चारुशीला बोलली नाही.

ती परतली तेव्हा प्रेमलता तुळसाबाईजवळ येऊन बसली होती. हातात टोपी धरून गिरिधर दाराशी उभा होता. कौशल्याला ओळखणारं कोणीतरी सापडलं म्हणून चारुशीलेला हायसं वाटलं. कौशल्या कुठे बसायची, असं तिने प्रेमलतेला विचारलं.

"माह्याजवळ," प्रेमलता म्हणाली. "पन ती बाहेरच राहे."

"बाहेर? का?"

"उशीर होये ना तिले. उशीर झाला का वर्गाच्या बाई बाहेर उभं करतेत. कधी पयला तासभर, कधी जेवनाच्या सुट्टीवरी."

"चूप वं," गिरिधर म्हणाला.

"सांगू द्या तिले," तुळसाबाई म्हणाली.

प्रेमलतेने बापाकडे पाहिलं, मग उरलेलंही सांगितलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेत असंच असतं, एवढंच तिला माहीत होतं. कौशल्या बाहेर रडत नसे. आत पाढे सुरू झाले की तीही तिथूनच म्हणे. पाऊस आला की भिंतीला चिकटून राही. मग मधल्या सुट्टीत प्रेमलतेची वही मागून सगळं उतरवून घेई.

पलीकडच्या गल्लीतून मागांचा खडखडाट ऐकू येत होता. दाराबाहेर ताटकळलेले पालक कुजबुजू लागले होते.

"उशीर माह्यापायीच होये," तुळसाबाई म्हणाली. ती कोणाकडे बघत नव्हती. "मागासाठी सुताच्या कांड्या भरून देल्याबिगर मी तिले सोडत नोती. रोज धावत निंघे. पन बाहेर उभं करतेत म्हनून मले कधी बोलली नाही."

इंदुताईंना चेहरा का आठवला नाही, ते चारुशीलेला आता कळलं होतं, आणि ते या बाईला सांगण्यासारखं नव्हतं. तिने पुढे होऊन तुळसाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्याच क्षणी तो तिला फार हलका, फार उपरा वाटला, म्हणून काढून घेतला.

तुळसाबाई उठली.

"कुठी उभी राहे, दाखोता का?"

प्रेमलता पुढे झाली. पालकांच्या रांगेने वाट दिली. व्हरांड्यात वर्गाच्या शेवटच्या खिडकीजवळ एक खांब होता. अनेक वर्षं मुली टेकून टेकून तिथला चुना खांद्याच्या उंचीवर घासून गेला होता. प्रेमलतेने बोटाने जागा दाखवली आणि ती मागे सरकली.

तुळसाबाई त्या जागी जाऊन उभी राहिली. थोडा वेळ तिने अंगणाकडे पाहिलं. मग ती वळली, पोरीच्या उंचीइतकी वाकली आणि गज धरून तिने खिडकीतून आत पाहिलं. वर्ग रिकामा होता.

"इथून फळा दिसते," ती म्हणाली.

"हो," चारुशीला म्हणाली. "दिसतो."

रांगेतल्या कोणीतरी "बाई" म्हणून चारुशीलेला हाक मारली. तुळसाबाई अजून गज धरून वाकलेलीच होती. चारुशीला तिच्याजवळून हलली नाही.